डोक्यावरील आवरण काढा

साहेब, माझे केस तुम्ही घालवलेत.

तुम्ही म्हणजे नक्की कोण, ते मला ठाऊक नाही. परिपत्रकाखाली सही आहे, पण ती वाचता येत नाही. सहीखाली नाव आहे, पण शिक्का नेमका त्या नावावर बसलाय. एकोणीस वर्षं मी शिक्के मारतोय. शिक्का नावावर चुकून बसतो, हे मला कुणी सांगू नये. तर तुम्ही जे कोणी असाल आणि ज्या कुठल्या मजल्यावर बसत असाल, तुमच्या डोक्यावर केस असतील तर एकदा त्यांतून हात फिरवून घ्या आणि मग पुढचं वाचा. केसाने गळा कापण्याबद्दलचा तो वाक्प्रचार मी इथे वापरणार नाही. इतका स्वस्त विनोद करायच्या मनःस्थितीत मी नाही.

मी ओळख पडताळणी कक्षात चौथ्या खिडकीवर बसतो. काचेपलीकडे माणूस उभा असतो, अलीकडे माझ्यापुढे त्याचा जुना फोटो असतो. मी फोटोकडे बघतो, माणसाकडे बघतो, पुन्हा फोटोकडे बघतो. माझ्याकडे दोन शिक्के आहेत. एक 'जुळते', दुसरा 'जुळत नाही'. लोक काकुळतीला येऊन म्हणतात, "साहेब, थोडंफार तरी जुळतंय ना?" थोडंफारचा शिक्का आपल्या कार्यालयाने बनवलेला नाही, त्याला मी काय करू?

माझे वडील, म्हणजे अण्णा, याच कक्षात एकतीस वर्षं होते. त्या एकतीस वर्षांत त्यांची कमर गेली, कारण आपल्याकडे खिडकीवरच्या माणसाला बिनहाताची खुर्ची मिळते. हात असलेली खुर्ची फक्त कक्षप्रमुखाला. अण्णांची पाळी आली तेव्हा वरून कुणीतरी माणूस आला आणि तो त्या खुर्चीत बसला. अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आधीचे कक्षप्रमुख गेल्या महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे होते आणि ज्येष्ठता यादीत पुढचं नाव माझं होतं. सहा महिने रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत अण्णांचा प्रश्न यायचा, "फाइल हलली का?" त्या खुर्चीच्या हातांवर आमच्या घरातल्या दोन पिढ्यांची कोपरं टेकायची होती, एवढंच सांगतो. मग तुम्हाला कळेल की मी केसांसाठी रडत नाहीये.

आठ महिन्यांपूर्वी तुमचं परिपत्रक आलं: 'खिडकीवरील सर्व कर्मचाऱ्यांचे केस स्थिर व नीटनेटके असावेत.' सोबत प्रत्येकाला एक पांढरा डबा. डब्यावर लिहिलं होतं, केशस्थिरक. हा शब्द ज्याने शोधला त्याला आठवडाभर त्याच डब्यात बसवलं पाहिजे. चौदा कलमं होती. किती घ्यायचं, तर वाटाण्याएवढं. कधी लावायचं, तर सकाळी निघण्यापूर्वी आणि मधल्या सुट्टीनंतर. कुठल्या दिशेने, किती बोटांनी, सगळं होतं. काढायचं कसं, याबद्दल चौदा कलमांत एक अक्षर नव्हतं. आपल्याकडे एखादी गोष्ट लागू करणारा विभाग असतो, काढून घेणारा नसतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी आज्ञाधारक माणूस. दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढं. पाचव्या खिडकीवरच्या बाई माझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी तो डबा उघडलासुद्धा नाही, टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. मी म्हटलं, "बाई, परिपत्रक आहे."

"सर, माझे केस बांधलेलेच असतात. हलत होतं ते टेबल."

त्यांना कुणी काही विचारलं नाही. आजतागायत नाही.

पहिल्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, तुम्ही अगदी भिंतीवरच्या फोटोतल्यासारखे दिसता हं." मी हे कौतुक समजलो. तिसऱ्या महिन्यात कंगवा मोडला. पाचव्या महिन्यात हातातली पेन्सिल सहज डोक्याला लागली तर टक असा आवाज आला आणि रांगेतली माणसं आपापली कागदपत्रं सावरून उभी राहिली. त्यांना वाटलं, मी पुढच्याला बोलावतोय. सातव्या महिन्यात सकाळी मी उठून बसलो तर उशीही माझ्याबरोबर उठून बसली. शांपू लावला की फेस फरशीवरून घसरावा तसा घसरून कानात जायचा. डोक्यावर रोज दोन वाटाणे चढत होते, उतरत एकही नव्हता.

तरी माझं काही म्हणणं नव्हतं. केस स्थिर होते, कार्यालय खूश होतं. पण बढतीच्या फाइलला ताजा फोटो लागतो आणि तो सेवापुस्तकातल्या फोटोशी जुळावा लागतो. अकरा तारखेला मी दुसऱ्या मजल्यावर फोटोच्या खोलीत गेलो, स्टुलावर बसलो, हनुवटी वर केली. यंत्राने लाल दिवा लावला. पडद्यावर अक्षरं आली: 'डोक्यावरील आवरण काढून पुन्हा प्रयत्न करा.'

"टोपी काढा," फोटोवाला मान वर न करता म्हणाला.

"टोपी नाही. केस आहेत."

त्याने मान वर केली. उठला, जवळ आला, एका बोटाने माझ्या डोक्यावर वाजवून बघितलं. "यंत्र नाही म्हणतंय."

"मग यंत्राला सांगा."

"यंत्राला सांगायची सोय नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या."

मी दिला. 'माझ्या डोक्यावर असलेले केस हे केसच असल्याचे प्रमाणित करावे, ही विनंती.' एकावन्नाव्या वर्षी, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या सहीने माणसाने हे वाक्य लिहावं, यापेक्षा वाईट काही असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं. अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी शेरा मारला: 'सदर पदार्थ शरीराचा भाग असल्याचे सकृद्दर्शनी दिसत नाही.' सदर पदार्थ! माझ्या आईने ज्यावर एकेकाळी तेल थापलं, तो सदर पदार्थ.

न्हाव्याकडे गेलो. गेली बारा वर्षं तो माझे केस कापतोय, पण परिपत्रक आल्यापासून मी त्याच्याकडे फिरकलो नव्हतो, कारण स्थिर झालेले केस वाढलेले कळत नाहीत. त्याने कात्री लावली, काढली, कात्रीचं पातं उजेडात धरून बघितलं.

"साहेब, हे केस नाहीत. बांधकाम आहे."

"जरा तोडून बघ ना."

"तोडायचं तर मुळापासून. सपाट. मधलं काही होणार नाही."

सपाट चालणार नव्हतं. नियम नऊ: केशरचनेत बदल झाल्यास फोटो जुळत नाही असे मानावे. हा नियम मला पाठ आहे. त्याच्या जोरावर मी एकोणीस वर्षं माणसं परत पाठवली आहेत. म्हणजे केस तर हवेत आणि केसांवरचं नको. अंतिम तारीख तीस. हातात एकोणीस दिवस.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. अण्णांनी फक्त "तीस तारीख" एवढंच म्हणून डोळे मिटले. बायकोने पदर खोचला. "बाहेरचं आता काहीही डोक्याला लावायचं नाही. बाहेरच्यानेच ही वेळ आणलीय. स्वयंपाकघरात सगळं असतं. जे पातेल्याचं निघतं ते तुमचं निघेल."

आमची मुलगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आई, एका वेळी एकच काहीतरी कर, थोड्या भागावर कर, आणि मध्ये एक दिवस जाऊ दे." अत्यंत समंजस सल्ला. म्हणूनच कुणी ऐकला नाही. शिकलेल्या मुलीचं ऐकायचं तर घरातल्या मोठ्या माणसांनी करायचं काय?

पहिला मान खायच्या सोड्याचा. बायकोने त्याचा घट्ट लगदा करून थापला आणि अर्धा तास हलू नका म्हणून सांगितलं. मी हललो नाही. सोडाही हलला नाही. तो सुकला, तडकला आणि होता तिथेच राहिला. आरशात बघितलं तर गिलावा केलेली भिंत. निदान आधी ते चकाकत तरी होतं.

आता आमच्या इमारतीचं असं आहे की न्हाणीघराची खिडकी जिन्यात उघडते, त्यामुळे घरातलं काहीही खासगी राहत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू बाटली घेऊनच खाली आल्या. "सोडा लावलाय ना? उत्तम. आता त्यावर व्हिनेगर ओता. फसफसून सगळं बाहेर येईल."

मुलगी म्हणाली, "काकू, फसफसून फक्त सोडा निघेल. खालचं तसंच राहील. ती दोन्ही एकमेकांना मारतात."

"तू अजून शिकतेस ना?"

"हो."

"मग शीक."

आणि त्यांनी ओतलं. साहेब, तुमच्या डोक्यावर कधी कुणी उकळी फोडली आहे का? आधी चर्र आवाज आला, तोही डोक्याच्या आतून आल्यासारखा. मग फेस. कपाळावरून डोळ्यांत, डोळ्यांतून मिशीत, मिशीतून तोंडात. मी ओरडलो तर तोंडातून बुडबुडे आले. मी दार आतून लावून नळ शोधत होतो आणि बाहेर बायको दार वाजवत होती, "अहो! एक आवाज तरी द्या! अहो!"

अण्णा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "हयातीचा दाखला मागतेय ती. दे."

फेस उतरला. सोडा गेला. खालचं तसंच होतं. फक्त आता त्याला वास येत होता. दुसऱ्या दिवशी कार्यालयात माझ्या खिडकीची रांग आपोआप पाचव्या खिडकीकडे वळली. एक गृहस्थ नाक मुरडून म्हणाला, "इथे काहीतरी आंबलंय." त्याला मी 'जुळत नाही' मारलं. तो जुळत नव्हताच, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, पण मारताना समाधान झालं हेही लपवत नाही.

समोरच्या दारात राहणारे औषधवाले चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवून आता घरी असतात आणि घरी असणं त्यांना सोसत नाही. ते म्हणाले, "तुम्ही सगळे चुकताय. चिकटाला तेल लागतं. रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं आम्ही तेलानेच काढायचो. लेबल निघायचं, बाटली शाबूत राहायची. तुमचं डोकं म्हणजे रिकामी बाटलीच समजा."

समजलो. माणूस अडला की काय काय समजून घेतो! अर्धी बाटली तेल, वर टॉवेल, दोन तास. आणि साहेब, दोन तासांनी माझं बोट आत गेलं! आठ महिन्यांनी माझ्या बोटाला माझ्या केसाचा स्पर्श झाला. मी बायकोला हाक मारली, तिनेही बोट घालून बघितलं, काकूंनीही बघितलं. औषधवाल्यांनी दोन बोटं घातली, कारण श्रेय त्यांचं होतं. त्या क्षणी मी थांबलो असतो, तर आज हे लिहीत नसतो.

पण आता डोक्यावर तेल होतं आणि तेलकट डोक्याचा फोटोही यंत्र घेत नाही. जिन्यात सभा भरली. काकू म्हणाल्या, "पीठ चोळा, पीठ तेल ओढून घेतं." हे खरं आहे. बायको म्हणाली, "तेल गरम पाण्याने सुटतं." हेही खरं आहे. दोन्ही खऱ्या गोष्टी माझ्या डोक्यावर एकाच वेळी झाल्या.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ तिने बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "आई, बाबांचं डोकं शिजतंय."

"बाजूला हो, वाफ लागेल," बायको म्हणाली आणि दुसरी बादली ओतली.

अण्णा काठी टेकत आले, वाकून निरखून बघितलं. "मळून झालं असेल तर झाकून ठेव. उघडं राहिलं की कडक होतं."

झालं. कडकच झालं. पुढचे चार दिवस मी संध्याकाळी घरी येऊन गॅलरीत बसायचो आणि कानामागून गोळे उकरायचो. कठड्यावर पाखरं जमायला लागली. एक तर धीट होऊन खांद्यावर बसलं. आयुष्यात माझ्याकडे काही मागायला येऊन रिकाम्या हाती परत न गेलेला तो एकच जीव.

इकडे कार्यालयातून कारणे दाखवा नोटीस आली. 'आपण केशस्थिरकाचा वापर बंद केल्याचे व आपल्या डोक्यावरून कागदपत्रांवर कण पडत असल्याचे निदर्शनास आले आहे.' मी उत्तर दिलं: तुमच्याच यंत्राला माझे केस आवरण वाटतात, म्हणून ते काढतो आहे. तुमचं उलट उत्तर माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. 'फोटोपुरते आवरण काढावे. इतर वेळी लावून ठेवावे.' साहेब, हे वाक्य लिहिताना तुमचा हात थरथरला नाही?

अठ्ठावीस तारखेला, रविवारी सकाळी, मुलीने सगळ्यांना बाहेर काढलं. काकूंनाही. औषधवाल्यांना तर तिने जिन्यातूनच परत पाठवलं. मला स्टुलावर बसवलं, मागे स्वतः उभी राहिली. थोडं तेल, एका वेळी चार बोटं रुंदीच्या भागाला. मग कोमट पाणी. मग साधा साबण. मग भरपूर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर. मग पुन्हा पुढचा भाग. चार तास. मोरीकडे राखाडी पाणी वाहत होतं आणि माझं डोकं हलकं होत होतं. कंगवा आत गेला. पहिल्यांदा आरपार गेला. मला हुंदका आला.

मग तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा."

"निघतंय ना?"

"निघतंय," ती म्हणाली. मग पुन्हा, फार हळू, "निघतंय."

माणसाचे रोज थोडे केस गळतात, त्याचं कुणी मनावर घेत नाही. माझेही आठ महिने गळत होते. पण पडत नव्हते. मुळापासून सुटलेला प्रत्येक केस त्या लेपात जागच्या जागी उभा होता, मेलेला माणूस मस्टरवर हजर दाखवावा तसा. या वयात जे हळूहळू जायचं, ज्याची माणसाला सवय व्हायची, ते माझं सगळं आत अडकून पडलं होतं. आणि त्या सगळ्यांनी त्या रविवारी एकदम निरोप घेतला. टोपलीभर. मुलीने ती टोपली ओढणीखाली झाकून बाहेर नेली, मला दिसू नये म्हणून. मला दिसली.

आरशात एक स्वच्छ माणूस उभा होता. कानांवर थोडे केस होते, मऊ. कपाळ मागपर्यंत गेलं होतं.

"स्वच्छ मात्र झालंय हं," बायको म्हणाली आणि घाईघाईने स्वयंपाकघरात गेली.

अण्णा आले. बघितलं. "निघालं," म्हणाले.

"काय निघालं, अण्णा?"

"सगळंच."

सोमवारी दुसऱ्या मजल्यावर यंत्राने क्षणात हिरवा दिवा लावला. फोटोवाला खूश. "बघा! मी म्हणत नव्हतो, आवरणच होतं?"

फोटो जुळवायला खिडकीवर जावं लागतं आणि स्वतःच्या खिडकीवर स्वतःचा फोटो जुळवता येत नाही. म्हणून मी पाचव्या खिडकीच्या रांगेत उभा राहिलो. काचेच्या त्या बाजूने मी आपला कक्ष पहिल्यांदाच बघत होतो. तिथून आतला माणूस फार उंच दिसतो. माहीत आहे तुम्हाला?

बाईंनी सेवापुस्तकातल्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं.

"सर, यात भांग डावीकडे आहे."

"हो."

"आत्ता भांग कुठे आहे?"

मी विचार केला. "सगळीकडे आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडला. मी काचेला नाक लावून म्हटलं, "बाई, मी आहे हो. शनिवारी आपण शेजारी बसून डबा खाल्ला."

"मला कळतंय, सर. पण ओळखणं वेगळं आणि जुळणं वेगळं. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत." आणि खाली बघून त्यांनी मारला. 'जुळत नाही.' सुबक मारला. शिक्का कसा धरायचा तेही मीच शिकवलं होतं.

तिथे उभा असताना मला एक बाई आठवली. दोन वर्षांपूर्वी माझ्या खिडकीवर आली होती, डोक्याला घट्ट रुमाल. मोठ्या आजारातून उठली होती. रुमाल काढा म्हटल्यावर तिने काढला, रांगेसमोर. मी फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "केस आल्यावर या." आवाजही चढवला नव्हता मी. नियम नऊ. ती पुन्हा आली नाही. मधल्या दोन वर्षांत मला ती एकदाही आठवली नव्हती.

पाच नंबरच्या बाईंनी मागून येऊन हळूच सांगितलं, "सर, नियम अकरा आहे. रक्ताचं माणूस खिडकीवर येऊन ओळख पटवू शकतं. अण्णांना आणा. उद्या पाचपर्यंत."

तीस तारखेला अण्णा आले. दोन जिने चढायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. शर्टाची वरची गुंडीही लावली होती. रांगेने वाट दिली, बाईंनी बसायला स्वतःची खुर्ची बाहेर आणली. ते बसले नाहीत. त्यांनी फोटो मागून घेतला, खिडकीच्या उजेडाला धरला. मग अंगठ्याने फोटोतले केस झाकले आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. जुने लोक असंच बघायचे, हे मी ऐकून होतो. अंगठा काढला. पुन्हा ठेवला.

"सांगा ना, अण्णा," बाई म्हणाल्या. "तुमचाच मुलगा ना हा?"

"मुलगा माझाच आहे," अण्णा म्हणाले. "पण फोटो नियमाने बघायचा तर जुळत नाही."

"अण्णा!"

"आवाज चढवू नकोस. खिडकी आहे ही." त्यांनी फोटो बाईंना परत दिला. "एकतीस वर्षं एकाला खोटं जुळवलं नाही मी. माझ्या भावालासुद्धा परत पाठवला होता. आता तुझ्यासाठी जुळवू? मग ती सगळी माणसं मी उगाच परत पाठवली?"

जिना उतरताना ते मध्येच थांबले. वरच्या पायरीवर होते म्हणून त्यांचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचला. त्यांनी तो फिरवला. "जन्मलास तेव्हा असंच होतं," म्हणाले. "त्या वेळचा फोटो काढायला हवा होता." मग कठड्याला धरून थोडा वेळ नुसते उभे राहिले. मी बघत नाहीये असं दाखवलं.

एक तारखेला पाच नंबरच्या बाई हात असलेल्या खुर्चीत बसल्या. पहिला दिवसभर त्यांनी कोपरं मांडीवरच ठेवली होती. त्यांच्यावर माझा राग नाही.

माझं ओळखपत्र बंद झालं. फाटकावरचा शिपाई मला अभ्यागतांच्या वहीत नोंदवून आत सोडतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"चौथ्या खिडकीवरच्या साहेबांना."

"आलेत का ते?"

"मी आत गेलो की येतील."

रजा मागितली तर मिळाली नाही, कारण रजेच्या अर्जावर पडताळलेल्या माणसाची सही लागते. गैरहजर राहिलो तर कारवाई होते, कारण कारवाईला पडताळणी लागत नाही. म्हणून मी रोज अभ्यागत म्हणून येतो आणि चौथ्या खिडकीवर बसून काम करतो.

आणि काय काम करतो ते ऐका. एक तारखेपासून मी एकच शिक्का वापरतोय. दाढी वाढवलेला आला, 'जुळते'. वीस वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन एक आजी आल्या, 'जुळते'. दोन महिन्यांत निम्मा झालेला एक माणूस आला, गालफडं बसलेली, फोटोत तो हसतोय आणि इथे त्याला हसता येत नाही. मी अंगठ्याने फोटोतलं हसू झाकलं, डोळे बघितले, 'जुळते'. नऊ दिवसांत चारशे बारा माणसं. माझी सही, माझा शिक्का, प्रत्येकाच्या कागदावर. रुमालवाल्या त्या बाईची फाइल मी तळघरात शोधतोय. सापडली की चारशे तेरा.

आता बोला. मी मी नसेन, तर हे चारशे बारा कागद एका परक्या माणसाने मारलेले आहेत. ते रद्द करा, त्या चारशे बारा जणांना बोलवा आणि त्यांच्या तोंडावर सांगा की तुम्ही तुम्ही नाही. आणि ते कागद खरे असतील, तर ते मारणारा माणूसही खरा आहे आणि त्याच्या डोक्यावर किती केस आहेत हा प्रश्न तुमचा नाही. दोन शिक्के तुम्हीच दिलेत. तिसरा नाही. मारा यातला एक.

मला थांबायची सवय आहे. पण रोज संध्याकाळी मी दारात पोचलो की अण्णा अजून विचारतात, फक्त आता प्रश्न बदललाय. "उत्तर आलं का?" म्हणतात. त्यांना मी काय सांगू? साहेब, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी काय सांगू, घरी कोण येतंय रोज?